नाथ पै यांची संसदीय कारकीर्द

नाथ बापू पै (जन्म : वेंगुर्ला, २५ सप्टेंबर १९२२, मृत्यू : बेळगाव, १८ जानेवारी १९७१), बॅरिस्टर नाथ पै या नावाने परिचित, हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते आणि संसदपटू होते. प्रजा समाजवादी पक्षातर्फे १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन सार्वत्रिक निवडणुकांत ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी हा किनारी व तळकोकणाचा प्रदेश या मतदारसंघात येत असे. कोकणातील दळणवळण, गोव्याची मुक्ती आणि महाराष्ट्र–म्हैसूर सीमाप्रश्न हे आपल्या भागाशी निगडित विषय त्यांनी संसदेत मांडले. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी १९६७ मध्ये त्यांनी मांडलेले अशासकीय विधेयक ‘नाथ पै विधेयक’ या नावाने भारताच्या घटनात्मक इतिहासात ओळखले जाते.

त्यांची सर्व संसदीय कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. त्यांनी लावून धरलेल्या प्रमुख मागण्यांपैकी गोवामुक्ती त्यांच्या हयातीत झाली. कोकण रेल्वे व घटनादुरुस्तीचा अधिकार हे विषय त्यांच्या मृत्यूनंतर मार्गी लागले, तर सीमाप्रश्न अद्याप अनिर्णित आहे. त्यामुळे सत्तेबाहेरील खासदाराच्या कार्याचे मोजमाप कसे करावे, या संदर्भात त्यांच्या कारकिर्दीचा उल्लेख होतो.

पूर्वपीठिका

नाथ पै यांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील वेंगुर्ला या बंदरगावी झाला. विद्यार्थिदशेपासून त्यांचा बेळगावशी संबंध होता. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी भाग घेतला आणि त्यासाठी कारावास भोगला. पुढे इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले. युरोपातील वास्तव्यात तेथील समाजवादी चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध आला. आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९५० च्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. प्रजा समाजवादी पक्ष हा संयुक्त महाराष्ट्र समितीचा एक घटक पक्ष होता. या वातावरणात झालेल्या १९५७ च्या निवडणुकीत नाथ पै प्रथमच लोकसभेवर निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय ३४ वर्षांचे होते.

राजापूर मतदारसंघ

१९५७ ते २००८ या काळात अस्तित्वात असलेला राजापूर लोकसभा मतदारसंघ मुख्यतः दक्षिण रत्नागिरीचा होता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. २००८ च्या पुनर्रचनेनंतर हा भाग रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात समाविष्ट झाला.

नाथ पै यांच्या काळात या प्रदेशात लोहमार्ग नव्हता. पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांमधील या चिंचोळ्या पट्ट्यातून मुंबईस जाण्यासाठी किनाऱ्यावरील आगबोट किंवा घाटरस्ता हेच पर्याय होते. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटींची वाहतूक बंद राही. रेल्वे गाठायची तर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगावास जावे लागे. भातशेती, मासेमारी आणि आंबा, काजू, नारळ यांच्या बागा हे उपजीविकेचे मुख्य आधार होते. ते अपुरे पडत असल्याने अनेक घरांतील कर्ते पुरुष मुंबईत गिरण्या, गोद्या व कार्यालये यांत नोकरी करीत आणि त्यांनी पाठविलेल्या मनिऑर्डरीवर गावाकडील संसार चालत. दळणवळणाचा प्रश्न हा अशा प्रकारे येथील जवळपास प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न होता.

विरोधी सदस्याची साधने

नाथ पै लोकसभेत असताना केंद्रात सातत्याने काँग्रेस पक्षाचे सरकार होते. १९५७ मध्ये काँग्रेसला ३७१ जागा मिळाल्या, तर प्रजा समाजवादी पक्षाला १९. पुढील दोन निवडणुकांत काँग्रेसच्या जागा अनुक्रमे ३६१ व २८३, आणि प्रजा समाजवादी पक्षाच्या १२ व १३ होत्या. मतदानाच्या बळावर एखादा ठराव संमत करून घेणे या पक्षाला शक्य नव्हते. चर्चेतील वेळही सामान्यतः सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटून दिला जात असल्याने छोट्या पक्षाच्या वक्त्याला मोजक्या मिनिटांत आपले म्हणणे मांडावे लागे.

अशा सदस्यास उपलब्ध असलेली साधने पुढीलप्रमाणे होती :

• प्रश्नोत्तराचा तास : तारांकित प्रश्नाला मंत्र्यास सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते.
• लक्षवेधी सूचना व स्थगन प्रस्ताव : तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे सरकारचे लक्ष वेधण्यासाठी यांचा उपयोग होतो.
• अर्थसंकल्पी चर्चा व कपात सूचना : एखाद्या खात्याच्या मागणीत नाममात्र कपात सुचवून त्या खात्याच्या धोरणावर बोलण्याची संधी मिळते. त्या काळी रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्र असल्याने रेल्वेविषयक मागण्या मांडण्यासाठी दरवर्षी वेगळी चर्चा होत असे.
• अशासकीय विधेयक : मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. लोकसभेत यासाठी सामान्यतः शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात आणि एका आठवड्याआड विधेयके व ठराव यांना ते दिले जातात.

अशासकीय विधेयके क्वचितच संमत होतात. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली असून त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे. तरीही सरकारला एखाद्या विषयावर भूमिका घेण्यास भाग पाडण्याचे ते एक प्रभावी साधन ठरू शकते. नाथ पै यांचे १९६७ चे विधेयक हे त्याचे ठळक उदाहरण होय.

प्रादेशिक प्रश्न

कोकण रेल्वे

कोकण किनाऱ्याने लोहमार्ग न्यावा ही मागणी जुनी होती. अभियंते व पत्रकार अ. ब. वालावलकर यांनी तिचा दीर्घकाळ प्रचार केला. संसदेत ती लावून धरणाऱ्यांत नाथ पै अग्रणी होते. नद्या, खाड्या आणि डोंगर यांमुळे पूल व बोगदे मोठ्या संख्येने बांधावे लागतील आणि त्या मानाने वाहतुकीचे उत्पन्न कमी येईल, ही या मार्गाच्या आड येणारी प्रमुख अडचण होती. मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद याच्या उलट होता. वाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही आणि रेल्वे नाही म्हणून उद्योग व वाहतूक नाही, हे चक्र शासनानेच प्रथम भेदावे, अशी त्यांची भूमिका होती.

१९६० च्या दशकात दिवा–पनवेल–आपटा हा टप्पा झाला. मात्र मार्ग रोह्यापर्यंत पोहोचण्यास १९८६ साल उजाडले. रोह्याच्या दक्षिणेकडील बांधणीसाठी १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. त्यात केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा २२ टक्के होता. उर्वरित भाग कर्नाटक, गोवा व केरळ या राज्यांनी उचलला. सुमारे २००० लहानमोठे पूल आणि ९० हून अधिक बोगदे असलेला सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे कार्यान्वित झाला. त्या वेळी नाथ पै यांच्या निधनास २७ वर्षे झाली होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ व सावंतवाडी रोड ही या मार्गावरील प्रमुख स्थानके आहेत. मालवण शहर मात्र प्रत्यक्ष मार्गावर नाही.

गोवामुक्ती

वेंगुर्ला व सावंतवाडी हा भाग गोव्याच्या सीमेस लागून आहे. १९६१ पूर्वी ही आंतरराष्ट्रीय सीमा होती. पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते आणि दोन्ही बाजूंच्या गावांत सोयरिकी, व्यापार व देवस्थानांचे संबंध होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारानंतर भारत सरकारने सीमेवर कडक निर्बंध लादले. त्यामुळे सीमाभागातील रहिवाशांच्या दैनंदिन व्यवहारांवरही परिणाम झाला.

नाथ पै यांनी गोव्याचा प्रश्न लोकसभेत वारंवार मांडला आणि वसाहतवादाच्या अखेरच्या अवशेषाबाबत सरकारने ठोस पाऊल उचलावे, असा आग्रह धरला. स्थानिक आणि आंतरराष्ट्रीय असे या प्रश्नाचे दुहेरी स्वरूप होते. युरोपातील समाजवादी वर्तुळाशी असलेल्या परिचयामुळे त्याची दुसरी बाजूही ते अधिकाराने मांडू शकत. १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी झालेल्या ‘ऑपरेशन विजय’ या लष्करी कारवाईने गोवा, दमण व दीव भारतात सामील झाले.

सीमाप्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आलेल्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, कारवार आदी मराठी भाषक लोकवस्तीचे भाग म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) गेले. तत्पूर्वी, १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात झालेल्या गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले होते. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

सीमावासीयांची बाजू संसदेत मांडणाऱ्या प्रमुख सदस्यांत नाथ पै यांची गणना होते. लोकेच्छा हा लोकशाहीत सीमा ठरविण्याचा आधार असावा, या तत्त्वावर त्यांची मांडणी आधारलेली होती. केंद्र सरकारने २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे, अशी शिफारस त्यात होती. महाराष्ट्राने हा अहवाल अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला असून या प्रश्नाचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

नाथ पै विधेयक

पार्श्वभूमी

राज्यघटनेत दुरुस्ती करण्याची कार्यपद्धती कलम ३६८ मध्ये दिली आहे. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये, असे कलम १३ सांगते. घटनादुरुस्ती हाही कलम १३ च्या अर्थाने ‘कायदा’ आहे काय, हा कळीचा प्रश्न होता. शंकरीप्रसाद (१९५१) आणि सज्जनसिंग (१९६५) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नकारार्थी उत्तर दिले होते. म्हणजेच संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकत होती.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका बदलली. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांच्या अध्यक्षतेखालील ११ न्यायाधीशांच्या पीठाने ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने, संसदेला मूलभूत हक्क काढून घेता किंवा संकुचित करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. तो पुढील काळातील दुरुस्त्यांनाच लागू राहणार होता. हा खटला पंजाबातील जमीन कमाल धारणेच्या कायद्यातून उद्भवला होता. त्या वेळी मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याने, या निर्णयानंतर जमीन सुधारणेच्या मार्गात अडथळा येईल, अशी चिंता समाजवादी विचाराच्या सदस्यांना वाटली. मुंबई राज्यातील कूळ कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांमुळे कोकणातील मतदारांनाही हा विषय अपरिचित नव्हता.

तरतूद व युक्तिवाद

निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, ७ एप्रिल १९६७ रोजी, नाथ पै यांनी लोकसभेत अशासकीय घटनादुरुस्ती विधेयक मांडले. कलम ३६८ नुसार संसद घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करू शकते, हे घटनेतच स्पष्ट शब्दांत नमूद करावे, हा त्याचा गाभा होता.

सार्वभौमत्व जनतेकडे असते आणि घटना बदलण्याचा अधिकार ती निवडून दिलेल्या संसदेमार्फत बजावते, ही नाथ पै यांच्या युक्तिवादाची बैठक होती. घटनाकारांनी कलम ३६८ मध्ये मूलभूत हक्कांचा अपवाद केलेला नाही. तो न्यायालयाने निर्माण केला तर एका पिढीने केलेली रचना पुढील पिढ्यांवर कायमची लादली जाईल, असे विधेयकाच्या समर्थकांचे म्हणणे होते.

आक्षेप

विधेयकावर पक्षोपपक्षांत मतभेद झाले. विरोधी पक्षांतही एकवाक्यता नव्हती. आज मालमत्तेच्या हक्काला मुरड घालण्यासाठी दिलेला अधिकार उद्या भाषण, संघटन किंवा व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कांवर घाला घालण्यासाठी वापरला जाईल, हा मुख्य आक्षेप होता. बहुमत हे लोकेच्छेचे प्रतीक असले तरी अल्पमताचे रक्षण करण्यासाठीच मूलभूत हक्क असतात, असे विरोधकांचे प्रतिपादन होते. समाजवादी गटांतही या मुद्द्यावर मतभेद होते, हे लक्षणीय आहे.

संख्याबळाचाही प्रश्न होता. घटनादुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत आवश्यक असते. १९६७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसकडे एकट्याच्या बळावर असे बहुमत नव्हते.

पुढील प्रवास

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे विचारार्थ पाठविण्यात आले. समितीच्या अहवालानंतर त्यावर चर्चा झाली, परंतु ते अंतिम मतदानापर्यंत पोहोचले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले.

१९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत मोठे बहुमत मिळाल्यावर सरकारने स्वतःच हा विषय हाती घेतला. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी जुलै १९७१ मध्ये मांडलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी ऑगस्टमध्ये संमत केले. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी ते २४ वी घटनादुरुस्ती म्हणून अमलात आले. घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार या दुरुस्तीने स्पष्ट केला. नाथ पै विधेयकाचा मुख्य हेतू त्यायोगे साध्य झाला.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने २४ वी दुरुस्ती वैध ठरविली. मात्र संसदेला घटनेची ‘मूलभूत चौकट’ बदलता येणार नाही, असा निर्णय ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने दिला. पुढे आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) नागरी स्वातंत्र्याचा संकोच झाला आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संसदेचा अधिकार अमर्याद करण्याचा प्रयत्न झाला. १९६७ मधील आक्षेपकांची भीती निराधार नव्हती, हे त्यावरून दिसून आले. जनता पक्षाच्या राजवटीतील ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळण्यात आला, तसेच आणीबाणीच्या तरतुदींवर बंधने घालण्यात आली. संसदेचा दुरुस्तीचा अधिकार आणि त्यावरील न्यायालयीन मर्यादा हे दोन्ही आजच्या घटनात्मक व्यवस्थेचे भाग आहेत. १९६७ च्या वादातील दोन्ही बाजूंचा काही अंश त्यात टिकून राहिला आहे.

निधन

लोकसभा विसर्जित झाल्यावर मार्च १९७१ मधील निवडणुकीची तयारी सुरू झाली होती. त्यापूर्वी नाथ पै यांना हृदयविकाराचा त्रास होता. १७ जानेवारी १९७१ रोजी हुतात्मा दिनानिमित्त ते बेळगावात गेले आणि तेथे त्यांनी भाषण केले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारीच्या पहाटे, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४८ वर्षांचे होते.

मतदारसंघातील पुढील परंपरा

१९७१ च्या निवडणुकीत राजापूरमधून प्रजा समाजवादी पक्षाचे मधु दंडवते विजयी झाले आणि १९९१ पर्यंत त्यांनी या मतदारसंघाचे सलग पाच वेळा प्रतिनिधित्व केले. नाथ पै यांनी विरोधी बाकांवरून मांडलेली रेल्वेची मागणी दंडवते यांनी प्रथम त्याच बाकांवरून आणि नंतर सत्तेतून पुढे नेली. ते मार्च १९७७ ते जुलै १९७९ या काळात रेल्वेमंत्री आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात अर्थमंत्री होते. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली तेव्हा अर्थखाते दंडवते यांच्याकडे आणि रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते.

१९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत, तर १९९६ ते २००९ या काळात शिवसेनेचे सुरेश प्रभू हे राजापूरचे खासदार होते. प्रभू पुढे रेल्वेमंत्री झाले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांनी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प हा भारताचा शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प ठरला. ज्या मतदारसंघात १९५७ मध्ये लोहमार्गच नव्हता, त्याचे प्रतिनिधित्व केलेल्या दोघांनी अशा प्रकारे देशाचे रेल्वेमंत्रिपद सांभाळले.

मूल्यमापन

विधेयकांची संख्या किंवा पदे या कसोटीवर नाथ पै यांची कारकीर्द रिकामी दिसते. ते कधी मंत्री झाले नाहीत आणि त्यांचे सर्वांत गाजलेले विधेयक संमत झाले नाही. परंतु त्यांनी मांडलेले विषय संसदेच्या कामकाजात टिकून राहिले. रेल्वेची मागणी त्यांच्या वारसदाराने पूर्णत्वास नेण्यास हातभार लावला, तर घटनादुरुस्तीचा विषय सरकारला स्वतः हाती घ्यावा लागला. स्थानिक गाऱ्हाणे राष्ट्रीय तत्त्वाच्या भाषेत मांडणे हे त्यांच्या मांडणीचे वैशिष्ट्य मानता येते. रेल्वेचा प्रश्न प्रादेशिक विकासातील समतेशी, गोव्याचा वसाहतवादाशी आणि बेळगावचा लोकेच्छेशी जोडला गेला. जनतेची इच्छा अंतिम असावी, हा विचार सीमाप्रश्नावरील भूमिकेत आणि घटनादुरुस्ती विधेयकात समान आहे. त्या इच्छेला मर्यादा कोणी व कोठवर घालावी, हा विधेयकाच्या विरोधकांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत अनुत्तरित राहिला.

मालवण येथील ‘बॅ. नाथ पै सेवांगण’ आणि कुडाळ येथील ‘बॅ. नाथ पै शिक्षण संस्था’ या संस्था त्यांच्या नावाने सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्यरत आहेत.